खरखरीचा ठावठिकाणा

१९६३ मध्ये सुरू झालेल्या सांगली आकाशवाणी केंद्राची मध्यम लहरींवरील वारंवारता १२५१ किलोहर्ट्झ आहे. म्हणजे या केंद्राची वाहक लहर एका सेकंदात बारा लाख एक्कावन्न हजार वेळा आंदोलित होते आणि तिची लांबी सुमारे २४० मीटर भरते. १२५१ या आकड्याला नऊने निःशेष भाग जातो आणि तो योगायोग नाही, कारण १९७५ साली जिनिव्हा येथे ठरलेल्या व नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आलेल्या आराखड्यानुसार आशिया, युरोप आणि आफ्रिका या खंडांतील मध्यम लहरींची केंद्रे नऊच्या पटीतील वारंवारतांवर बसवण्यात आली. अशा काटेकोर मांडणीत १२४२, १२५१ किंवा १२६० या ठरलेल्या जागा सोडून मध्येच एखादी शीळ ऐकू आली, किंवा साऱ्या पट्ट्यावर सारखीच खरखर पसरली, तर ती कोणत्याही प्रसारण केंद्राची नाही एवढे लगेच सांगता येते. ज्याला ऐकणाऱ्याने बोलावलेले नाही आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्यालाही ज्याची जाणीव नसते, अशा या आगंतुक संकेताला रेडिओ-व्यत्यय म्हणतात. तो कोठून येतो हे शोधण्याचे काम पूर्वी महागड्या वर्णपट-विश्लेषकाशिवाय होत नसे; आता अंगठ्याएवढ्या उपकरणावर आणि साध्या संगणकावर ते होऊ लागले आहे. मात्र उपकरण स्वस्त झाले म्हणून शोध सोपा झाला असे नव्हे, कारण खरखरीचे मूळ सापडते ते उपकरणाच्या ज्ञानाइतकेच त्या मुलखाच्या ज्ञानावर. या दृष्टीने सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे फार उद्बोधक आहेत, कारण जलविद्युत केंद्र, पवनचक्क्या, उपसा सिंचन योजना, साखर कारखाने, शेतीपंप आणि अभयारण्यालगतची झटका कुंपणे असे व्यत्ययाचे जवळजवळ सर्व प्रकार येथे एकाच खोऱ्यात नांदतात.

नेहमीच्या रेडिओत हव्या त्या केंद्राची लहर निवडणे, तिच्यातून आवाज वेगळा काढणे आणि तो मोठा करणे ही सर्व कामे विद्युत-मंडले करतात. सॉफ्टवेअर-आधारित रिसीव्हरमध्ये मंडलांचे काम फार थोडे असते. अँटेनावर आलेल्या लहरींचा एक रुंद पट्टा तेवढा ती खाली उतरवतात, त्याचे सेकंदाला लाखो वेळा मोजमाप घेऊन आकड्यांत रूपांतर करतात आणि पुढचे सर्व गणित संगणकावर सोपवतात. ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संज्ञा जोसेफ मितोला या अमेरिकी अभियंत्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली, परंतु ती कल्पना सामान्य माणसाच्या टेबलावर आली ती २०१२ च्या सुमारास. परदेशी डिजिटल दूरदर्शन पाहण्यासाठी तयार केलेल्या यूएसबी उपकरणातील ‘आरटीएल२८३२यू’ ही रिअलटेक कंपनीची चिप दूरचित्र उलगडण्याऐवजी कच्चे आकडेही जसेच्या तसे संगणकाला देऊ शकते, हे काही हौशी संशोधकांच्या लक्षात आले आणि दूरदर्शनचा तो खुंटा एकाएकी प्रयोगशाळेचे साधन बनला. त्यासोबत येणारी ‘आर८२०टी’ ही निवडक-चिप साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ या पल्ल्यात कोठेही लावता येते आणि एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा दाखवते.

या पट्ट्याचे जे चित्र पडद्यावर उमटते त्याला ‘वॉटरफॉल’ म्हणतात. त्यात आडव्या दिशेने वारंवारता, उभ्या दिशेने काळ आणि रंगाच्या उजळपणाने संकेताची तीव्रता दाखवलेली असते. नवी ओळ वर येते आणि जुनी खाली सरकते. प्रसारण केंद्राची वाहक लहर या चित्रात सरळ उभी रेघ काढते, विजेची ठिणगी आडवा पट्टा उमटवते, आणि तापल्यावर ज्याची वारंवारता ढळते असा स्वस्त चार्जर वाकडीतिकडी, सरपटणारी रेघ ओढतो. कानाला हे तिन्ही आवाज ‘खरखर’ याच एका नावाचे वाटले, तरी डोळ्याला त्यांच्या आकृती वेगळ्या दिसतात, आणि सॉफ्टवेअर-रिसीव्हरचा खरा लाभ हाच आहे. येथे एक मर्यादा मात्र पक्की ध्यानात ठेवावी लागते. सेकंदाला २४ लाख मोजमापांपैकी ४०९६ मोजमापांचा एकेक गट घेऊन वर्णपट काढला, तर वारंवारतेतला ५८६ हर्ट्झचा फरक ओळखता येतो आणि काळातला १.७ मिलिसेकंदाचा. गट मोठा केला की जवळजवळच्या रेघा सुट्या होतात, पण क्षणिक ठिणग्या एकमेकींत मिसळून जातात. गट लहान केला की ठिणग्या मोजता येतात, पण रेघा जाड होतात. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात कमाल बारकाईने पाहता येत नाहीत, हा गणिताचाच नियम आहे, आणि म्हणून जाणकार निरीक्षक एकच नोंद दोन वेगवेगळ्या मापांनी पुन्हा उलगडून पाहतो.

अनोळखी संकेत दिसला की पहिला संशय खुद्द रिसीव्हरवर घ्यावा लागतो. वर सांगितलेल्या स्वस्त उपकरणाच्या पोटात २८.८ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो आणि त्या संख्येच्या पटीत, म्हणजे ५७.६, ८६.४, ११५.२ आणि १४४ मेगाहर्ट्झवर, त्याच्या स्वतःच्या लहरींच्या रेघा उमटतात. १४४ मेगाहर्ट्झ ही हौशी रेडिओ-चालकांच्या पट्ट्याची नेमकी सुरुवात असल्याने तेथील ही रेघ नवख्याला कोणाचा तरी गूढ संदेश वाटते. वास्तविक ती पाचपट झालेली घरचीच लहर असते. दुसरी फसगत प्रतिबिंबाची. याच उपकरणाला वरची निवडक-चिप वगळून मध्यम व लघू लहरी थेट मोजायला लावले, तर ते सेकंदाला २ कोटी ८८ लाख मोजमापे घेते आणि त्याच्या निम्म्या वारंवारतेपलीकडचे व अलीकडचे संकेत एकमेकांवर दुमडले जातात. परिणामी पुढे योग्य गाळणी नसल्यास १२५१ किलोहर्ट्झवरील सांगली केंद्र २८.८ वजा १.२५१ म्हणजे २७.५४९ मेगाहर्ट्झवरही दिसू लागते, जेथे ते मुळीच नाही. तिसरी फसगत प्रबळ संकेतांची. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर प्रक्षेपणाचे मनोरे आहेत. अशा मनोऱ्याच्या पायथ्याशी रिसीव्हरची क्षमता संपते आणि दोन खऱ्या वारंवारतांच्या बेरीज-वजाबाकीतून खोट्या वारंवारता जन्माला येतात. त्याची परीक्षा सोपी आहे. संकेताची वर्धनमात्रा १० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने दहा पटीने, कमी केल्यावर खरा संकेत तेवढाच कमी होतो, परंतु तृतीय क्रमाच्या मिश्रणातून तयार झालेला भुताटकी संकेत ३० डेसिबलने कोसळतो. अँटेना काढून ठेवल्यावरही जी रेघ टिकून राहते तिचा उगम बाहेर नसतो, ही परीक्षा तर आणखी सोपी; तरीही ती सर्वांत जास्त वेळा विसरली जाते.

रिसीव्हर निर्दोष ठरल्यावर घराची पाळी येते. लॅपटॉप बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद केला आणि खरखर थांबली, तर शत्रू घरातच आहे हे सिद्ध होते. मग एकेक स्विच चालू करत गेल्यास तो सापडण्यास फार वेळ लागत नाही. आजच्या घरांतील बहुतेक दोषी एकाच कुळातील असतात. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर या सर्वांत आलेला विद्युत्प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून कमी दाबाचा केला जातो. या तोडजोडीतून मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, वीसपट अशा पटींतील लहरी बाहेर पडतात. त्यांना अडवणारी गाळणी बसवणे हे उत्पादकाचे कर्तव्य असते, पण स्वस्त मालात पहिली काटछाट तेथेच होते. एखाद्या दिव्यात ही तोडजोड सेकंदाला ६२,५०० वेळा होत असेल, तर तिची वीसपट लहर १२५० किलोहर्ट्झवर पडते आणि १२५१ च्या वाहक लहरीशी तिची गाठ पडून एक किलोहर्ट्झची स्पष्ट शीळ ऐकू येते. दिवा तापल्यावर तोडजोडीचा वेग फक्त ५० हर्ट्झने वाढला, तरी वीसपटीच्या हिशेबाने ती शीळ हजार हर्ट्झने खाली येऊन नाहीशी होते. संध्याकाळी दिवा लावल्यावर सुरू होणारी आणि हळूहळू खाली उतरत जाणारी शीळ ही अशा रीतीने दिव्याच्या तापमानाची नोंद ठरते. वॉटरफॉलवर ठरावीक अंतराने उभ्या असलेल्या, एकसाथ सरकणाऱ्या रेघांची रांग दिसली, तर दोन रेघांमधील अंतर मोजावे. तोच त्या उपकरणाच्या तोडजोडीचा वेग असतो.

घराबाहेरच्या व्यत्ययाच्या बाबतीत काळ हा सर्वांत बोलका साक्षीदार आहे, आणि हे ज्ञान रेडिओ-विज्ञानाला फार पूर्वी एका मोठ्या शोधातून मिळाले. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे अटलांटिकपार दूरध्वनीत खरखर कशामुळे येते हे शोधण्याचे काम सोपवले होते. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे २०.५ मेगाहर्ट्झवर, गोल फिरणाऱ्या अँटेनाने, त्याने महिनोन्‌महिने नोंदी घेतल्या आणि खरखरीचे तीन प्रकार वेगळे केले: जवळच्या वादळांची, दूरच्या वादळांची आणि एक अखंड, मंद सुसकाऱ्याची. हा तिसरा सुसकारा दिवसातून एकदा कमाल पातळीवर येत असे, परंतु त्याचे चक्र २४ तासांचे नसून २३ तास ५६ मिनिटांचे होते. सूर्याच्या संदर्भातील दिवस २४ तासांचा, तर ताऱ्यांच्या संदर्भातील दिवस चार मिनिटांनी कमी. म्हणून या संकेताचे मूळ पृथ्वीवर किंवा सूर्यावर नसून आकाशगंगेत असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला आणि रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्म झाला. चार मिनिटांचा फरक क्षुल्लक म्हणून सोडून न देण्याची ही शिस्त व्यत्ययाच्या प्रत्येक शोधात लागते.

सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागात ताऱ्यांच्या दिवसाऐवजी महावितरणचे वेळापत्रक हाताशी घ्यावे लागते. शेतीपंपांना थ्री फेज वीज दिवसाचे ठरावीक तास, आणि अनेक ठिकाणी आळीपाळीने दिवसा व रात्री, मिळते. उरलेल्या वेळी गावात केवळ घरगुती वापराची वीज असते. एखादी खरखर थ्री फेज आल्याबरोबर सुरू होत असेल, तिची पाळी दिवसाकडून रात्रीकडे गेली की तीही त्याच दिवशी रात्रीकडे जात असेल, तर तिचा उगम त्या शेतीवाहिनीवर आहे हे घराबाहेर पाऊलही न टाकता कळते. याउलट सूर्य वर आल्यावर हळूहळू वाढणारी, ढग आला की क्षणभर दबणारी आणि मावळतीला संपणारी खरखर सौर पंपाच्या नियंत्रकाकडे बोट दाखवते, कारण पॅनेलवरील विजेचे पंपाला योग्य अशा रूपात परिवर्तन करताना तेथेही तीच तोडजोड चालते, फक्त अधिक शक्तीची. कराड तालुक्यातील टेंभू किंवा मिरज तालुक्यातील म्हैसाळ यांसारख्या उपसा सिंचन योजनांचे पंप आवर्तनानुसार चालतात आणि साखर कारखान्यांची यंत्रे साधारणतः दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतच्या गळीत हंगामात. त्यामुळे आठवड्यांच्या व महिन्यांच्या मापात बदलणाऱ्या व्यत्ययासाठी पाण्याच्या पाळीचे आणि गाळपाचे कॅलेंडर पाहावे लागते. अशी माहिती कोणत्याही परदेशी मार्गदर्शक पुस्तकात मिळत नाही. ती गावच्या वायरमनला, पाटकऱ्याला आणि शेतकऱ्याला असते, आणि रेडिओ-अभियंत्याने ती मान देऊन विचारली पाहिजे.

वीजवाहिनीवरील दोषाची ओळख आणखी सूक्ष्म काळात पटते. भारतातील वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचा दाब सेकंदाला पन्नास वेळा धन टोकाला आणि पन्नास वेळा ऋण टोकाला जातो. खांबावर सैल झालेली तार, गंजलेला बोल्ट किंवा तडकलेला चिनीमातीचा इन्सुलेटर असेल, तर दाब टोकाला पोचताना तेथील बारीक फटीत ठिणगी पडते. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, दर दहा मिलिसेकंदांनी ठिणग्यांचा एकेक झुबका येतो. वॉटरफॉलचा कालखंड पुरेसा बारीक केला, तर हे झुबके शिडीच्या पायऱ्यांसारखे स्वच्छ मोजता येतात आणि ‘ही वीजवाहिनी आहे’ हे निदान जवळजवळ निर्विवाद होते. अशा ठिणगीचे आणि पावसाचे नातेही उपयोगी आहे. फटीतली ठिणगी कोरड्या हवेत जोमात असते आणि पाऊस पडून फट ओली झाली की बहुधा थांबते. उलट कोयनेची वीज वाहून नेणाऱ्या अतिउच्च दाबाच्या तारांभोवती होणारा कोरोना नावाचा विसर्ग, ज्यात तारेलगतची हवाच आयनीभूत होऊन मंद सरसर आवाज करते, तो पावसाच्या थेंबांनी वाढतो. त्यामुळे मृगाच्या पहिल्या सरीबरोबर खरखर गेली की वाढली, या एकाच नोंदीने दोन संशयितांपैकी एकाची सुटका होते. कोयना-पाटणच्या पट्ट्यात जेथे चार महिने पाऊस हटत नाही, तेथे हा फरक नोंदवण्याची खरी वेळ जूनचा पहिला आठवडा असते.

सह्याद्रीच्या कडेला एक व्यत्यय मात्र ५० हर्ट्झच्या हिशेबात बसत नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या सीमेवरील पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांत रानडुक्कर व गव्यांपासून पीक वाचवण्यासाठी शेतकरी बॅटरीवर चालणारे झटका मशीन लावतात. हे यंत्र तारेत सुमारे सेकंदाला एक या गतीने अतिशय अल्पकाळाचा, हजारो व्होल्टचा स्पंद सोडते. कुंपण नीट असेल तर रेडिओवर फारसे काही कळत नाही, परंतु पावसाळ्यात वाढलेले गवत तारेला टेकले किंवा गाठ सैल झाली की प्रत्येक स्पंदाला ठिणगी पडते आणि मध्यम लहरींवर घड्याळासारखी टिकटिक ऐकू येऊ लागते. शेताभोवती शेकडो मीटर पसरलेली ती तार आपोआप मोठी अँटेना बनलेली असते. हा व्यत्यय शोधून काढणे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे, कारण जेथे ठिणगी पडते तेथे झटक्याची शक्ती वाया जाते आणि कुंपण दुबळे होते.

पवनचक्क्यांकडे संशयाने पाहण्याची रीत आहे, पण येथे सावध राहावे लागते. पाटण तालुक्यातील वनकुसवड्याचे पठार, साताऱ्याजवळचे चाळकेवाडी आणि सांगलीच्या पूर्व भागातील ढालगाव येथील चक्क्या दोन अगदी भिन्न मार्गांनी रेडिओवर परिणाम करू शकतात. पहिला मार्ग विजेचे रूपांतर करणाऱ्या परिवर्तकाचा. तो वर सांगितलेल्या तोडजोडीच्या कुळातलाच आहे. दुसरा मार्ग पात्यांवरून होणाऱ्या परावर्तनाचा, ज्यात चक्की स्वतः काहीच प्रसारित करत नाही, तर दुसऱ्याचा संकेत फिरत्या पात्यावरून उसळून येतो. तीन पात्यांचे चक्र मिनिटाला वीस फेरे घेत असेल, तर संकेताची तीव्रता सेकंदाला एकदा हेलकावते. आणि पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ६० मीटर धरला, तर १०० मेगाहर्ट्झच्या संकेतात जास्तीत जास्त सुमारे ४० हर्ट्झचे डॉप्लर विचलन येते. डॉप्लर विचलन म्हणजे लहर पाठवणारा किंवा परावर्तित करणारा पदार्थ जवळ येत असताना वारंवारता वाढणे आणि दूर जाताना घटणे. हा हेलकावा अति-उच्च वारंवारतांवर दिसतो. सांगली केंद्राच्या २४० मीटरच्या लहरीला काही दहा मीटर लांबीचे पाते जवळजवळ जाणवतच नाही. तेव्हा मध्यम लहरींवरील खरखरीसाठी पात्यांना दोष देणे चूक आहे, आणि वारा पडलेला असताना खरखर तशीच राहिली तर परिवर्तकही निर्दोष ठरतो.

प्रकार कळल्यावर जागा शोधायची असते. जुन्या ट्रान्झिस्टरच्या पोटातील फेराइटची कांडी हे त्यासाठीचे उत्तम साधन आहे. ती ज्या दिशेला टोक करून ठेवल्यावर आवाज सर्वांत क्षीण होतो त्या रेषेवर उगम असतो, आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून अशा रेषा नकाशावर ओढल्या की त्या उगमापाशी छेदतात, निदान पुस्तकात तरी. प्रत्यक्षात मध्यम लहरींची खरखर तारांवरून कित्येक किलोमीटर वाहत जाते आणि कांडी उगमाऐवजी जवळच्या तारेकडेच बोट दाखवते. त्यावरचा उपाय असा की, जसजसे जवळ जावे तसतशी वरची वारंवारता लावावी. ठिणगीचा विस्तार शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत असतो, पण तिचे वरचे घटक लवकर क्षीण होतात. म्हणून १ मेगाहर्ट्झवर गावभर ऐकू येणारी खरखर १५० मेगाहर्ट्झवर एका गल्लीपुरती आणि ४०० मेगाहर्ट्झवर दोन-तीन खांबांपुरती उरते. आटपाडी-जतच्या मोकळ्या माळावर ही पद्धत सुरळीत चालते. कोयना किंवा कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात मात्र डोंगरकड्यांवरून लहरी परावर्तित होतात आणि समोरच्या कड्यावरच उगम असल्याचा भास होतो. तेथे एका वाचनावर विसंबू नये, जागा बदलून अनेक वाचने घ्यावीत आणि एकमेकांशी न जुळणारी बाजूला ठेवावीत. खांब निश्चित झाल्यावर त्याला हात लावणे, काठीने ठोकणे किंवा डीपीजवळ जाणे सर्वथा वर्ज्य आहे. खांबाचा क्रमांक, वेळ आणि ध्वनिमुद्रण महावितरणच्या उपविभागाकडे देणे एवढेच निरीक्षकाचे काम.

लघू लहरींवर, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या दरम्यान, गावाचा नकाशा अपुरा पडतो, कारण आयनांबरावरून परावर्तित होऊन संकेत हजारो किलोमीटर अंतरावरून येतात. १९७६ ते १९८९ या काळात सोव्हिएत संघाच्या ‘दुगा’ या क्षितिजापलीकडे पाहणाऱ्या रडारची सेकंदाला दहा ठोक्यांची टकटक जगभर ऐकू येत होती. आजही अशी रडारे चालू आहेत. त्यांचा माग काढण्यासाठी उपग्रहांवरून अचूक वेळ घेणारे अनेक सॉफ्टवेअर-रिसीव्हर वेगवेगळ्या देशांतून एकच संकेत नोंदवतात आणि तो पोचण्याच्या वेळांतील फरक काढतात. एक मिलिसेकंद म्हणजे ३०० किलोमीटर, या हिशेबाने उगमाचा प्रदेश ठरवता येतो.

या विद्येचा महाराष्ट्रातील सर्वांत कसोटीचा उपयोग पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे होतो. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरलहर रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत, आणि डोंगरांनी वेढलेली व रेडिओदृष्ट्या शांत जागा हे खोडदच्या निवडीचे एक मुख्य कारण होते. २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुल्या झालेल्या या दुर्बिणीचे २०१९ मध्ये पूर्ण झालेले आधुनिकीकरण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंतचा विस्तृत पट्टा टिपते, त्यामुळे वीजवाहिनीवरील ठिणगीपासून मोबाइलच्या मनोऱ्यापर्यंत सगळेच तिला ऐकू येते. दूरच्या दीर्घिकेचा संकेत इतका क्षीण असतो की त्याच्या मापनाच्या एककालाच खरखर शोधणाऱ्या जान्स्कीचे नाव दिले आहे. खोडदला ठिणग्यांविरुद्ध योजलेला एक उपाय सामान्य निरीक्षकानेही समजून घ्यावा असा आहे. आलेल्या मोजमापांची सरासरी न घेता मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारे मूल्य, काढले जाते आणि त्यापासून फार दूर गेलेली मोजमापे ठिणगी समजून क्षणार्धात बदलली जातात. एकच राक्षसी मोजमाप सरासरी बिघडवते; मध्यकाला मात्र त्याचा धक्का लागत नाही.

कितीही समृद्ध वेधशाळा घरातल्या व्यत्ययापासून सुटत नाही, हे ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे दिसून आले. तेथील दुर्बिणीत १९९८ पासून १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास अधूनमधून येणारे, दूरच्या अवकाशातील स्फोटांसारखे भासणारे संकेत ‘पेरिटॉन’ या नावाने ओळखले जात. ते कामाच्या वेळेत जास्त येतात हे लक्षात आले होते. व्यत्ययावर सतत नजर ठेवणारा एक वेगळा रिसीव्हर बसवल्यावर, नेमक्या त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झवरही संकेत उमटतो असे दिसले. ती वारंवारता मायक्रोवेव्ह ओव्हनची. अन्न गरम होऊन संपण्याआधीच दार उघडले की बंद पडत असलेला मॅग्नेट्रॉन क्षणभर निसटते तरंग सोडतो, हे २०१५ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. ज्या पट्ट्यात त्रास होतो त्याच पट्ट्यात शोध घेत राहिल्याने वर्षे गेली, आणि पट्ट्याबाहेर पाहणाऱ्या साध्या रिसीव्हरने उत्तर दिले.

व्यत्यय शोधणाऱ्याला कायद्याचे भानही ठेवावे लागते. भारतात वारंवारतांचे नियोजन १९५२ मध्ये स्थापन झालेला वायरलेस नियोजन व समन्वय विभाग करतो, आणि दुसऱ्यांसाठी असलेले खासगी किंवा शासकीय संभाषण ऐकणे व उघड करणे कायद्याला मान्य नाही. व्यत्ययाची ओळख पटवण्यासाठी संकेताचा आकार, वेळ आणि वारंवारता पुरते, त्यातील मजकुराची गरज नसते. परवानगीविना लावलेला मोबाइल सिग्नल बूस्टर हा याच्या उलट बाजूचा गुन्हा आहे. डोंगरातल्या वाडीवर रेंज मिळावी म्हणून बसवलेले असे यंत्र स्वतःच्याच अँटेनांमध्ये प्रतिपोषण होऊन ओरडू लागते आणि परिसरातील मनोऱ्याला कोणाचाच फोन नीट ऐकू येईनासा होतो.

सातारा-सांगलीत हे काम करण्यास माणसांची वाण नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवत आहेत, विलिंग्डन महाविद्यालयाला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत, आणि रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून वाडीवस्तीवरची मुले विज्ञान शिकतात. प्रत्येक तालुक्यात एक रिसीव्हर, बॅटरीवर चालणारा एक संगणक आणि तारीख-वेळ, वीजपुरवठ्याची पाळी, पाऊस व वारा यांच्या रकान्यांची एक वही एवढ्या सामग्रीवर दोन्ही जिल्ह्यांचा रेडिओ-व्यत्ययाचा नकाशा तयार होऊ शकतो. महापुरात मोबाइलचे मनोरे बंद पडल्यावर ज्या बिनतारी यंत्रणांवर विसंबावे लागते, त्यांच्यासाठी कोणती जागा शांत आहे हे २०१९ च्या पुराचा अनुभव घेतलेल्या कृष्णाकाठाला आधीच ठाऊक असले पाहिजे. विज्ञान शिक्षकांनी या नोंदी येत्या पावसाळ्याच्या आधी सुरू कराव्यात, म्हणजे कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही ऋतूंची तुलना पहिल्याच वर्षी हाती येईल.